हैदाक आणि जीवाणू : काही शब्दांची जन्मकथा

कुपात होलीममध्ये डॉक्टर तपासणीचा अहवाल बघून सांगतात, "हैदाक आहे, आंतिबियोतिका घ्यावी लागेल." आपण मान हलवतो, कागद घेतो आणि औषधाच्या दुकानात जातो. घरी मराठीत कोणाला सांगायचे झाले तर आपल्या पिढीतली माणसे म्हणतात, "जंतू झालेत." जे शाळेत विज्ञान शिकले ते म्हणतील, "जीवाणू." हैदाक आणि जीवाणू हे दोन शब्द आपण एकाच दिवशी, एकाच दुखण्यासाठी वापरतो, पण ते शेजारी ठेवून पाहण्याची वेळ सहसा येत नाही. आज ते पाहू या.

'हैदाक' हा शब्द तोराह किंवा मिश्नाच्या काळातला नाही. हिब्रू पुन्हा बोलती झाली तेव्हा नव्या विद्येसाठी जे शेकडो शब्द घडवावे लागले त्यांतला तो एक आहे. त्याचे दोन तुकडे आहेत. पहिला 'हाय', म्हणजे जिवंत. 'अम इस्राएल हाय' म्हणताना आपण जो शब्द उच्चारतो तोच. दुसरा 'दाक', म्हणजे बारीक, सूक्ष्म. हा दुसरा शब्द फार जुना आहे. फारोच्या स्वप्नातल्या रोडक्या गाईंना तोराहमध्ये हेच विशेषण आहे, रानात पडलेल्या मान्नालाही हेच आहे, आणि होरेब डोंगरावर वारा, भूकंप व अग्नी होऊन गेल्यावर एलियाहू हन्नबीने जो मंद आवाज ऐकला त्यालाही 'दाका' म्हटले आहे. घड्याळातल्या मिनिटाला 'दाका' म्हणतात तेही याच अर्थाने, तासाचा बारीक भाग म्हणून. तेव्हा हाय अधिक दाक, हैदाक : जिवंत आणि सूक्ष्म.

आता मराठी शब्द घ्या. जीव अधिक अणू, जीवाणू. 'जीव' म्हणजे जिवंत, आणि 'अणू' हे उपनिषदांच्या काळापासून अतिशय सूक्ष्म वस्तूचे नाव. म्हणजे पुन्हा जिवंत आणि सूक्ष्म. एका भाषेचे मूळ सेमिटिक, दुसरीचे संस्कृत. पण दोघींनी या चिमुकल्या जिवाकडे बघून सारखेच नाव ठेवले. दोन्ही भाषा घरात बोलणारा समाज जगात आपल्याशिवाय क्वचितच असेल, म्हणून ही गंमत आपल्याच वाट्याची आहे.

एका खोलीचे घर

हैदाक म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेऊ. सर्व सजीव पेशींचे बनलेले असतात. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६६५ साली बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यात त्याला मधाच्या पोळ्यासारखी घरे दिसली, म्हणून त्याने त्यांना लॅटिनमधून आलेला, छोट्या खोलीचा वाचक असा 'सेल' हा शब्द दिला. हिब्रूने हाच अर्थ धरून 'ता' हा शब्द घेतला. यहेज्केल नबीने दर्शनात मंदिर पाहिले, त्याच्या दरवाज्याजवळ पहारेकऱ्यांच्या ज्या खोल्या होत्या त्यांना 'ता' म्हटले आहे. आज तुरुंगाची कोठडी 'ता', टपालाची पेटी 'ता दोआर', आणि शरीरातली पेशीही 'ता'. मराठीने मात्र खोलीची कल्पना घेतली नाही. 'पेशी' हा आयुर्वेदातला शब्द, मूळ अर्थ मांसाचा गोळा. सुश्रुताने शरीरात ५०० पेशी मोजल्या आहेत त्या स्नायूंच्या अर्थाने. कोर्टातली 'पेशी' वेगळी. ती फारसीतून आली, तिचा या पेशीशी काही संबंध नाही.

आपल्या शरीरातली पेशी म्हणजे अनेक खोल्यांचा ब्लॉक आहे असे समजा. मध्ये बंद दाराची एक खोली, तिच्यात घराची सगळी कागदपत्रे, म्हणजे आनुवंशिक द्रव्य. तिला केंद्रक म्हणतात. शिवाय इंधन जाळून शक्ती देणाऱ्या खोल्या, माल बांधून पाठवण्याच्या खोल्या, कचऱ्याची खोली. या सगळ्यांना पेशीअंगके असे नाव आहे.

जीवाणूची पेशी म्हणजे मुंबईच्या चाळीतली एकच खोली. तिथेच चूल, तिथेच मोरी, तिथेच अंथरूण, आणि कागदपत्रांची गुंडाळी कोपऱ्यात उघडीच ठेवलेली. आत भिंती नाहीत. केंद्रक नाही, पडद्यात गुंडाळलेली अंगके नाहीत. पण ज्यांचा जन्म चाळीत गेला त्यांना सांगायला नको की एका खोलीतही सगळा संसार होतो. जीवाणू खातो, वाढतो, दुभंगून एकाचे दोन होतो; अनुकूल परिस्थितीत काही जातींना यासाठी २० मिनिटे पुरतात. अंगाने तो इतका लहान की सर्वसाधारण जीवाणू एकापुढे एक ठेवले तर एका मिलिमीटरच्या रेघेत ५०० ते १,००० मावतील.

अशा एका खोलीच्या पेशीला शास्त्रात 'प्रोकॅरिओट' म्हणतात. एदुआर शातों या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने १९२५ च्या सुमारास हे नाव वापरले, पण ते खरे रूढ झाले १९६२ नंतर, रॉजर स्टॅनियर आणि कॉर्नेलिस व्हॅन नील यांनी एका लेखात त्याचा पुरस्कार केल्यावर. ग्रीक भाषेत 'प्रो' म्हणजे आधीचा, आणि 'कॅरिऑन' म्हणजे अक्रोडासारखे कवचाचे फळ किंवा त्यातला गर. म्हणजे 'गर तयार होण्याच्या आधीची' पेशी. मराठी पाठ्यपुस्तकांनी याचे सुरेख भाषांतर केले : 'आदिकेंद्रकी'. ज्यात केंद्रक स्पष्ट दिसते ती 'दृश्यकेंद्रकी'. हिब्रूत केंद्रकाला 'गारीन' म्हणतात, म्हणजे बी. शाब्बाथच्या दुपारी अंगणात बसून आपण सूर्यफुलाचे जे गारीनीम फोडतो तोच शब्द. आणि नवी वस्ती वसवायला निघालेल्या तरुणांच्या गटाचेही नाव 'गारीन'च. ग्रीकांना अक्रोड दिसला, हिब्रूला बी दिसले, मराठीने मध्यबिंदू पाहिला.

छोटी काठी

जीवाणू प्रथम पाहिला तो हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापड दुकानदाराने. अँटनी व्हॅन लेव्हेनहुक त्याचे नाव. लॅटिन येत नव्हते, विद्यापीठात गेला नव्हता. पण भिंगे घासण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. १६७६ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून पाण्यातल्या सूक्ष्म जिवांची हकिकत कळवली, आणि १६८३ साली स्वतःच्या दातांवरचे किटण तपासून त्यातही असे जीव हालचाल करतात असे लिहिले. तो डच भाषेत त्यांना 'छोटे प्राणी' म्हणत असे.

'बॅक्टेरियम' हे नाव जर्मन शास्त्रज्ञ एरेनबर्गने १८२८ साली दिले. ग्रीक भाषेत याचा अर्थ छोटी काठी, कारण त्याने पाहिलेले जीव काठीसारखे होते. पुढे 'बॅसिलस' हा शब्द आला, तो लॅटिन. अर्थ तोच, छोटी काठी. मराठी विज्ञानलेखकांनी त्याला 'दंडाणू' केले. हिब्रूने मात्र वेगळेच काही शोधले : 'मेतेग'. सेफेर तोराहवरून वाचण्याआधी ज्यांनी छापील हुम्माशवर सराव केला आहे त्यांना मेतेग माहीत आहे. अक्षराखालची ती बारीक उभी रेघ, जिथे स्वरावर थोडे थांबायचे. तनाखमध्ये मेतेग म्हणजे लगाम. आज घरातल्या विजेच्या बटणालाही मेतेग म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा काठीसारखा जीव कोणा हिब्रू विद्वानाला अक्षराखालच्या रेघेसारखा दिसला असावा. गोल जीवाणूला ग्रीकांनी 'कॉकस' म्हणजे दाणा म्हटले, मराठीत तो 'गोलाणू' झाला.

या काठ्या आणि दाण्यांना शिस्त लावली ती आपल्याच एका माणसाने. फर्डिनांड कोन हा १८२८ साली ब्रेस्लाऊच्या यहुदी वस्तीत जन्मला. तेव्हाचे हे जर्मन शहर आज पोलंडमध्ये आहे. यहुदी असल्यामुळे त्याच्या गावच्या विद्यापीठाने त्याला पदवी दिली नाही. ती त्याने १८४७ साली, वयाच्या १९ व्या वर्षी बर्लिनहून मिळवली. पुढे त्याच ब्रेस्लाऊमध्ये तो प्राध्यापक झाला. १८७२ साली त्याने जीवाणूंचे आकारावरून पद्धतशीर वर्गीकरण केले. १८७६ साली त्याने दाखवले की काही दंडाणू संकट आले की स्वतःभोवती कठीण कवच करून घेतात. या अवस्थेत त्यांना पाणी उकळले तरी मरण येत नाही. याला बीजाणू म्हणतात. पुढे हाफकिनच्या हकिकतीत हा बीजाणू पुन्हा भेटेल. त्याच वर्षी एक खेडेगावचा डॉक्टर आपले काम दाखवायला कोनकडे आला. त्याचे नाव रॉबर्ट कॉख. गुरांच्या काळपुळी रोगाचे कारण एक विशिष्ट दंडाणू आहे हे त्याने दाखवले, कोनने ते काम आपल्या नियतकालिकात छापले, आणि रोगजंतूंच्या शास्त्राचा पाया पक्का झाला.

कारण माहीत नव्हते तेव्हा

हे ज्ञान यायच्या आधी काय होत होते, हे आपल्या लोकांनी विसरता कामा नये. १३४८-४९ साली युरोपात 'काळा मृत्यू', म्हणजे प्लेग, पसरला. कारण कोणालाच ठाऊक नव्हते. मग अफवा उठली की यहुदी लोक विहिरींत विष टाकतात. त्या वेळचा पोप सहावा क्लेमेंट याने हे खोटे आहे, यहुदीसुद्धा त्याच रोगाने मरत आहेत, असे लिहून जाहीर केले. पण ऐकतो कोण? १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबर्ग शहरात शेकडो यहुद्यांना जिवंत जाळले. दुसऱ्या अनेक गावांत तेच झाले. खरा गुन्हेगार होता एक आखूड दंडाणू, उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून माणसात येणारा. तो सापडला १८९४ साली हाँगकाँगमध्ये, अलेक्झांडर येर्सिन याला. आणि पिसवांचा भाग पॉल-लुई सिमोंने कराचीत १८९८ साली उकलला. मधली साडेपाचशे वर्षे हा दोष कोणावर ना कोणावर ढकलला जात राहिला.

प्लेगला हिब्रूत 'देवेर' म्हणतात. मिसरच्या दहा आपत्तींतली पाचवी, जी पेसाहच्या सेदेरला आपण बोट बुडवून मोजतो, ती हीच. कोणतीही साथ म्हणजे 'मागेफा', नागाफ म्हणजे आघात करणे या धातूपासून. मराठी बायबलात यासाठी 'मरी' हा शब्द आहे. मुंबईत प्लेग आला तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी त्याला 'ग्रंथिक सन्निपात' असे भारदस्त नाव दिले, पण घराघरांत म्हणत 'गाठीचा ताप', कारण काखेत आणि जांघेत गाठी येत.

मोडशी, मोर्देशिम आणि होली-रा

रोगांच्या नावांत सर्वांत लांबचा प्रवास एका कोकणी-मराठी शब्दाने केला आहे, आणि त्या प्रवासातही एक यहुदी आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. त्याचे आईबाप स्पेनमधून १४९२ साली हाकललेले यहुदी. पोर्तुगालमध्ये त्यांना बळजबरीने ख्रिस्ती व्हावे लागले. ओर्ता १५३४ साली गोव्याला आला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. मुंबईचे बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. १५६३ साली त्याने गोव्यात भारतातल्या औषधी वनस्पतींवर संवादरूपाने एक ग्रंथ छापला. त्यात पटकीसारख्या एका जीवघेण्या रोगाचे वर्णन आहे, आणि इथले लोक त्याला काय म्हणतात हेही त्याने नोंदवले आहे. तो शब्द आपला 'मोडशी'. मोडणे, शरीर मोडून पडणे, यावरून तो आला. आता मुलाला अपचन होऊन जुलाब झाले की आजी 'मोडशी झाली' म्हणते तोच.

पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचे 'मोर्देशिम' झाले. फ्रेंच लोकांनी तो ऐकला आणि त्यांना वाटले की हे आपल्याच भाषेतले 'मोर द श्यें' आहे, म्हणजे कुत्र्याचे मरण. रोग इतका वाईट की नाव अगदी शोभले, आणि फ्रेंच पुस्तकांत ते तसेच छापले गेले. कोकणातल्या आजीची मोडशी पॅरिसमध्ये कुत्र्याचे मरण होऊन बसली.

ओर्ता स्वतः १५६८ साली वारला. त्यानंतर वर्षभरातच, १५६९ मध्ये, गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याबद्दल जाळले. १५८० साली ओर्ताचीही हाडे थडग्यातून उकरून जाळली. ज्या माणसाने आपल्या लोकांच्या औषधांची आणि शब्दांची नोंद जगापुढे ठेवली त्याला कबरही राहू दिली नाही.

युरोपातले शास्त्रीय नाव 'कॉलरा' हे ग्रीकमधून आले, पित्तवाचक शब्दावरून. पण एकोणिसाव्या शतकात हिब्रू लेखकांनी ते ऐकले तेव्हा त्यांनीही फ्रेंचांसारखेच केले. ते लिहू लागले 'होली-रा' : होली म्हणजे आजार, रा म्हणजे वाईट. हे दोन शब्द कोहेलेतमध्ये जोडीने आलेलेच होते. ग्रीक शब्द हिब्रू कपडे घालून दारात उभा राहिला आणि कोणी ओळखले नाही. भाषा परक्या शब्दात नेहमी आपलाच अर्थ शोधते, मग तो फ्रेंच असो वा हिब्रू.

कॉलऱ्याचा स्वल्पविरामासारखा वाकडा जीवाणू फिलिप्पो पाचिनीने १८५४ साली फ्लॉरेन्समध्ये पाहिला होता. पण तिकडे कोणी लक्ष दिले नाही. १८८४ साली कलकत्त्यात कॉखने तो पुन्हा शोधला, तेव्हा जगाला पटले.

परळच्या बंगल्यातला मोर्देखाय

या जीवाणूंविरुद्ध लस घेऊन भारतात आला तो ओदेसाचा यहुदी वाल्देमार मोर्देखाय हाफकिन. त्याने १८ जुलै १८९२ रोजी पॅरिसमध्ये कॉलऱ्याची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि १८९३ मध्ये तो कलकत्त्याला आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर आकासियो व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत दाखल झाला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक लहान जागा मिळाली. तिथे प्लेगचे जीवाणू वाढवून, उष्णतेने मारून त्याने लस केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात, जिथे प्लेग शिरला होता, तिथल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना ती दिली गेली. पुढे १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात त्याची प्रयोगशाळा गेली. आज तीच हाफकिन इन्स्टिट्यूट. हे नाव तिला १९२५ साली मिळाले.

आता तो बीजाणू. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. सर्व १९ जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती. चौकशी समितीने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिनला पदावरून दूर केले गेले. पण पुढे तपशील पुढे आला : बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचा जीवाणू मातीत राहतो, कवच धारण केलेल्या बीजाणूच्या रूपात, जे फर्डिनांड कोनने दुसऱ्या एका दंडाणूत पंचवीस वर्षांपूर्वी दाखवले होते. १९०७ साली रोनाल्ड रॉस आणि इतर मोठ्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिनची बाजू मांडली. त्यानंतर तो निर्दोष ठरला आणि कलकत्त्याला कामावर परत आला. पण लोकांचा उठलेला विश्वास आणि त्याची गेलेली पाच वर्षे कोण परत देणार? या प्रकरणाची तुलना पुष्कळांनी द्रेफसच्या खटल्याशी केली आहे.

त्या रोगाच्या नावाकडे बघा. ग्रीक 'टेटॅनस' म्हणजे ताणलेले. मराठी 'धनुर्वात' : शरीर धनुष्यासारखे मागे वाकते म्हणून. हिब्रू 'त्सापेदेत'. हे नाव ज्या धातूपासून घडवले तो एखामध्ये आहे. तिशा बेआवला जमिनीवर बसून आपण वाचतो त्यात उपाशी यरुशलेमकरांची कातडी हाडांना चिकटून गेल्याचे वर्णन याच धातूने केले आहे. दुष्काळातल्या आक्रसलेल्या कातडीचा शब्द आक्रसलेल्या स्नायूंना दिला. आणि जीवाणूचे नाव क्लॉस्ट्रिडियम, म्हणजे छोटी चाती, सूत कातायची.

शाहेफेत आणि खोलीतले यंत्र

तोराहच्या शापांमध्ये 'शाहेफेत' हा आजार येतो. नव्या हिब्रूने तेच नाव क्षयाला दिले. ज्या एलिएझेर बेन-येहुदाने हिब्रूला बोलती करण्यासाठी आयुष्य वेचले, तो १८८१ साली या देशात आला तो क्षय घेऊनच. त्याची पत्नी देवोरा १८९१ मध्ये याच रोगाने गेली. तो स्वतः १९२२ मध्ये. क्षयाचा जीवाणू कॉखने २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला होता, पण औषध नव्हते. ते सापडले १९४३ साली, अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात. सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत त्यांचा विद्यार्थी आल्बर्ट शाट्झ याने मातीतल्या एका जीवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन काढले. दोघेही यहुदी. 'अँटिबायोटिक' हा शब्द आजच्या अर्थाने रूढ केला तो वाक्समन यांनीच. ग्रीक अर्थ जीवाविरुद्ध, मराठीत 'प्रतिजैविक'.

इथे प्रश्न येतो : जे औषध जीवाणूला मारते ते आपल्याला का मारत नाही? आपणही पेशींचेच ना? याचे उत्तर त्या चाळीच्या खोलीत आहे. जीवाणूत अंगके नसली तरी प्रथिने बनवणारी बारीक यंत्रे असतात, त्यांना रायबोसोम म्हणतात. आपल्या पेशींतही ती असतात, पण घडण वेगळी. स्ट्रेप्टोमायसिन जीवाणूच्या यंत्रात अडकते, आपल्या यंत्रात सहसा अडकत नाही. तो एका खोलीचा संसार आपल्याहून निराळा आहे, म्हणूनच आपण औषध घेऊन वाचतो.

या यंत्राची घडण अणूनअणू उकलली त्याबद्दल २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. त्यांत रेहोवोतच्या वाइझमन संस्थेच्या, यरुशलेमला जन्मलेल्या आदा योनात होत्या. आणि भारतात चिदंबरमला जन्मलेले, बडोद्याला शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन होते. तिसरे अमेरिकेचे थॉमस स्टाइट्झ. योनात यांनी ज्या सूक्ष्मजीवांवर काम केले त्यांतला एक मृत समुद्रातला. त्या समुद्रात काहीच जगत नाही असे लोक म्हणत. तिथेही जीव आहे हे १९३६ साली बिन्यामिन एलाझारी-वोल्कानी यांनी दाखवले होते. त्या जिवाचे शास्त्रीय नाव आहे हॅलोआर्क्युला मारिसमॉर्तुई : 'मृत समुद्रातली मिठाची छोटी पेटी'. त्याच्याही पेशीत केंद्रक नाही.

नागीफ वेगळा

शेवटी एक भेद लक्षात ठेवण्यासारखा. कोरोनाच्या वेळी आपण 'नागीफ' हा शब्द रात्रंदिवस ऐकला. नागीफ म्हणजे हैदाक नव्हे. तो मागेफाच्या धातूपासूनच बनवलेला नवा शब्द आहे. लॅटिनमध्ये 'व्हायरस' म्हणजे विष, म्हणून मराठीत 'विषाणू'. हैदाकच्या नावात 'हाय' आहे, नागीफच्या नावात नाही, आणि शास्त्राच्या दृष्टीनेही ते बरोबर आहे. विषाणूला स्वतःची पेशी नाही. एक खोलीसुद्धा नाही. तो दुसऱ्याच्या घरात घुसून तिथल्या यंत्रावर आपले काम करून घेतो. जी यंत्रे प्रतिजैविकाने अडवायची ती त्याच्याकडे नाहीतच. म्हणून साधी सर्दी किंवा फ्लू झाला तर आंतिबियोतिकाचा उपयोग नाही. डॉक्टर देत नाहीत म्हणून आपल्यातले काही रागावतात, रागावू नये. विनाकारण घेतलेल्या औषधाने जीवाणूच सराईत होतात, आणि खरी गरज पडेल तेव्हा औषध लागू पडत नाही. तसेच डॉक्टरांनी दिलेले औषध बरे वाटले म्हणून आपल्या मनाने मध्येच सोडूही नये.

त्याच काळात आपण 'सेगेर' आणि 'बिदूद' शिकलो. संसर्ग टाळण्यासाठी रोग्याला वेगळे ठेवणे याला हिब्रूत 'हेसगेर' म्हणतात, तोही सेगेरच्याच धातूचा. तो वय्यिक्राच्या तेराव्या अध्यायातून आला, जिथे कोहेन संशयित रोग्याला सात दिवस वेगळा ठेवतो. जीवाणू कोणी पाहिला नव्हता तेव्हाही वेगळे ठेवावे हे तोराहने सांगितले होते. लस देण्याला हिब्रूत 'हिसून' म्हणतात, बळकट करणे या अर्थाने. आपल्या आज्या 'टोचून घेतले' किंवा 'देवी काढल्या' म्हणायच्या.

हिब्रू शब्दांची आता काळजी नाही. त्यांना अकादमी आहे, शाळा आहेत, आपली नातवंडे आहेत. काळजी मोडशी, गाठीचा ताप, घटसर्प, पटकी, धनुर्वात या शब्दांची आहे. हे शब्द कोकणातून मुंबईला आणि मुंबईतून दिमोना, लोद, अश्दोद, बेर-शेवापर्यंत आपल्याबरोबर आले. ते बोलणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. ओर्ताने लिहून ठेवले म्हणून साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यातले लोक काय म्हणत हे आज कळते. आपणही इतके करावे : आईच्या, आजीच्या तोंडी रोगांची आणि औषधांची जी नावे होती ती एका वहीत मराठीत लिहावी, आणि शेजारी नातवंडाकडून हिब्रू शब्द लिहून घ्यावा. एका बाजूला जीवाणू, दुसऱ्या बाजूला हैदाक. नातवंडाला मराठी वाचता येत नसेल तर ते विचारील, आणि सांगायला आपण अजून आहोत.